खळीचा वास

आमच्या घरात दूध तापवायचं काम माझ्याकडे कधीच आलं नाही. उतू जाणारं दूध डोळ्यांना दिसतं, पण करपायला लागलेलं दूध आधी नाकाला कळतं, आणि माझं नाक त्या कामाचं नाही. तरुणपणी नाकाचं हाड वाढलं म्हणून ऑपरेशन झालं, मधला पडदा कोरून सरळ केला, आणि तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर झालो तेव्हा हे वैगुण्य सोयीचंच ठरलं. फॉर्मलीनच्या बरण्यांपाशी मी दिवसभर उभा राहू शकत असे. मुलं नाकाला रुमाल लावून माझ्याकडे जरा आदराने बघायची. बाकी आदर वाटावा असं माझ्यात काही नव्हतं आणि नाही.

घर माझं नव्हे, धाकट्या बहिणीचं. माळव्यातल्या ह्या शहरात, बडा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढे ओटा. शोभनाचे यजमान अशोकराव मिलमध्ये सायझिंगला होते. सायझिंग म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावायचं खातं. तिथला माणूस घरी यायच्या आधी त्याच्या अंगचा आंबूस, पिठूळ वास घरात येतो, असं शोभना सांगायची. मग मिल बंद झाली. भोंगा थांबला तो थांबलाच. अशोकराव बऱ्हाणपूरला पॉवरलूमवर काही काम मिळतं का बघून येतो म्हणून गेले आणि परत आले नाहीत. शोधाशोध झाली, पोलिसांत सांगून झालं. त्याच साली मी माझी पुस्तकं घेऊन बहिणीकडे राहायला आलो. मी लग्न केलं नव्हतं. शोभनाला आणि लहानग्या यामिनीला आधार झाला, असं सगळे म्हणाले. खरं तर आधार मलाच झाला. त्या दोघींशिवाय मला ओळखणारं जगात कुणी नाही.

समोरच्या ओट्यावर गेंदाबाई बसते. माळव्यातलीच बाई, कमरेला तपकिरीची डबी, तोंडाने फटकळ. मी नवा राहायला आलो तेव्हा ती एकदा शोभनाला म्हणाली होती, "बाई, तुम्हारे घर में वास है किसी का." शोभनाने आठवडाभर मोरीत फिनाइल ओतलं, गाद्या उन्हात टाकल्या, संध्याकाळी कापूर जाळला. माझ्या कपड्यांना फॉर्मलीनचा वास येत असेल असं वाटून मी ओशाळलो आणि सगळे कपडे स्वतः धुतले. पुढे तो घरातला विनोदच होऊन बसला. काही नासलं, जळलं की यामिनी आतून ओरडायची, "मम्मी, वास है किसी का!" गेंदाबाई मात्र त्यानंतर आमच्या घरात कधी आली नाही. भाजीची वाटी द्यायची तरी उंबऱ्याबाहेरून.

नवं शतक लागलं त्या हिवाळ्यात एका सकाळी पोहे परतता परतता शोभनाचा हात थांबला.

"दादा, खळीचा वास येतोय."

"मला विचारतेस?"

"अरे हो. पण येतोय खरंच. पुढच्या खोलीत जास्त."

यामिनी कंप्यूटर क्लासला निघाली होती. दारात थबकून तिने नाक वर केलं. "हाव मम्मी. बाबांच्या बनियनसारखा." मग स्वतःच चमकून म्हणाली, "पण मला कसं याद आहे यार? मी केवढी होती तेव्हा!"

मी कपाटामागे पाहिलं, भिंतीला हात लावून ओल पाहिली. शेजारी कुणी पीठ आंबवतं का, याची चौकशी केली. तसं काही नव्हतं. शहरातल्या मिल बहुतेक थंड पडल्या होत्या. चिमण्यांवर पिंपळ उगवले होते आणि मिलच्या जागांवर मोठी दुकानं होणार अशा बातम्या पेपरात येत होत्या. खळ शिजणार कुठे?

हळूहळू दोघी बदलल्या. शोभनाने पेटीतले अशोकरावांचे शर्ट काढून त्यांना इस्त्री केली. कणीक जास्त मळली जाऊ लागली. विचारलं तर "अंदाज चुकला" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच मळायची. एरवी घरात येता-जाता भांडणारी यामिनी संध्याकाळी पुढच्या खोलीत आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहू लागली. दूधवालासुद्धा दारात जरा जास्त रेंगाळायचा. "आपके यहां अच्छा लगता है," असं एकदा म्हणाला. सगळ्यांना बरं वाटत होतं. मलाच काही वाटत नव्हतं, आणि हा माझ्या कोरड्या स्वभावाचा दोष असावा असं मी धरून चाललो.

कॉलेजची लायब्ररी मला अजून आत येऊ देते. त्याच दिवसांत तिथे एका विज्ञानाच्या नियतकालिकात मी एक लेख वाचला. साप, उंदीर यांच्या नाकाच्या पडद्यापाशी एक निराळं इंद्रिय असतं, हे मी मुलांना वर्षानुवर्षं दाखवत आलो होतो. दुसऱ्या जनावराच्या अंगातून सुटणारी काही द्रव्यं त्याला कळतात. आपला कोण आणि परका कोण, हे ठरवायला उंदराला डोळे लागत नाहीत. ती द्रव्यं पकडणाऱ्या ग्राहक रेणूंची शंभरावर जनुकं उंदरात चालू असतात. माणसात ती जवळजवळ सगळी मोडकी निघाली. आहेत, पण बंद. मिलमधल्या मागांसारखी जागच्या जागी उभी आणि पट्टे उतरवलेली. फक्त त्यातलं एक, लेखात म्हटलं होतं, माणसातही धड सापडलं आहे आणि नाकाच्या अस्तरात ते चालू आहे. कशासाठी, ते अजून कुणाला ठाऊक नाही.

मी नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला. मग आजूबाजूला कुणी पाहिलं तर नाही ना, हे पाहिलं.

संक्रांत जवळ आली होती. एका दुपारी मी पुढच्या खोलीत वाचत होतो आणि शोभना आत तीळ भाजत होती. दारावर थाप पडायच्या आधीच तिचा आवाज आला.

"हे आले."

त्या आवाजात आश्चर्य नव्हतं. गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला आणि मग थाप पडली.

मी दार उघडलं. दारात एक परका माणूस उभा होता. करडा स्वेटर, हातात रेक्झिनची पिशवी. अशोकराव रुंद हाडाचे, बोलताना भुवया उडवणारे. हा मध्यम बांध्याचा, गुळगुळीत चेहऱ्याचा. समोर पाहत असेपर्यंत तो चेहरा पुरता दिसत होता, पण क्षणभर नजर वळवली तर त्यातलं काहीच लक्षात राहत नव्हतं.

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

माझ्या मागून शोभना आली आणि मला हलकेच बाजूला सारून उभी राहिली. तिने दीर्घ श्वास घेतला.

"आलात," ती म्हणाली. डोळ्यांना पदर लावला. "आत या ना. पाणी देते."

तो आत आला आणि अशोकराव बसत त्याच खुर्चीत बसला. समोरच्या ओट्यावरून गेंदाबाईने हे सगळं पाहिलं. तपकिरीची चिमूट ओढून ती म्हणाली, "अच्छा, आ गया ये भी."

मिलचे दुसरेही काही जण त्या सुमारास गावोगावाहून परतत होते. मला वाटलं, तिला तेच म्हणायचं असेल.

संध्याकाळी यामिनी आली, दारात क्षणभर उभी राहिली आणि "बाबा" म्हणून त्याच्या गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी शामराव आला. अशोकरावांबरोबर एकाच खात्यात उमेदवारीपासून काम केलेला माणूस, आता टेम्पो चालवतो.

"क्या भिया, कां मर गए थे!" त्याने खुर्चीतल्या माणसाला मिठीच मारली. "एक फोन तरी करायचा साला! वहिनीने किती देव पाण्यात घातले, काही खबर आहे?"

तो माणूस नुसता हसला. शामराव रडत होता.

मी शामरावाला टेम्पोपाशी गाठलं. शोभनाच्या लग्नाचा फोटो मी सदऱ्याच्या खिशात लपवून नेला होता.

"शामराव, जरा नीट बघा. हे आणि आत बसलेत ते… कान बघा. कपाळ बघा."

त्याने फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "फोटूचं काय घेऊन बसला मास्साब! फोटूत तर मी पण हीरो दिसतो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून आवाज खाली आणला. "माणूस घर सोडून राहिला की बदलतोच ना. तुम्ही पुस्तकं जरा कमी वाचा."

फोटो परत ठेवताना शोभनाने मला पकडलं. रागावली नाही. मलाच फोटोतली माणसं दाखवू लागली. "हे आपले बाबा. ही मावशी. आणि हा काय तू, कडेला उभा. लाजतोयस बघ कसा." तिने बोट ठेवलेला उंच, कुरळ्या केसांचा तरुण मला काही माझ्यासारखा वाटला नाही. पण जुना फोटो कुणाला आपल्यासारखा वाटतो? त्यावरून मी स्वतःलाच समजावलं. मला जर माझा चेहरा ओळखू येत नाही, तर अशोकरावांबद्दल शपथेवर काय सांगणार?

तरी संशय जाईना. माझ्या बहिणीच्या घरात एक परका माणूस जेवत होता, तिच्या हातची पोळी खात होता, वयात आलेली भाची त्याच्यासमोर निर्धास्त वावरत होती. मी बोललो आणि माझं चुकलं, तर हे घर मला तुटणार होतं. न बोललो आणि माझं बरोबर असलं, तर त्या दोघी कुणाच्या हाती होत्या?

तो फार कमी बोलायचा. कुठे होतात विचारलं तर "तिकडेच" म्हणायचा. काही मागायचा नाही. एकदा दुपारी घरात आम्ही दोघेच होतो. मी पुस्तक धरून बसलो होतो, पण पान उलटत नव्हतो.

"दादा," तो म्हणाला, "तुम्हाला वास येत नाही ना?"

"नाही. ऑपरेशन झालं होतं."

"हो का." तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत धमकी नव्हती. एकाच गावचे दोघे परगावी भेटल्यावर बघतात तसं काहीसं होतं. "मलापण येत नाही."

मी पुस्तकात डोकं घातलं. सायझिंगमध्ये आयुष्य काढलेल्या अशोकरावांना चहात आलं कमी पडलं तरी स्वयंपाकघराबाहेरून कळायचं, असं शोभनाच सांगायची.

नंतर गावात सर्दीची साथ आली. यामिनी आधी पडली. नाक चोंदलेलं, डोळे लाल, बोलली की सगळे शब्द नाकात अडकायचे. तरी क्लासला गेली आणि अर्ध्यातून परत आली. आम्ही दोघे पुढच्या खोलीत होतो. तो खुर्चीत, मी खिडकीशी. यामिनी आत पाऊल टाकून तिथेच थांबली. बॅग छातीशी धरली.

"तुम्ही कोण?" ती म्हणाली.

"मम्मी!" असं ओरडून ती भिंतीला घसटत आत पळाली. मग आतून शोभनाचा आवाज आला, "अगं, अंग तापलंय तुझं केवढं!" आणि वाफेसाठी पाणी ठेवल्याचा आवाज. दोन दिवसांनी नाक मोकळं झाल्यावर ती बाहेर आली आणि खुर्चीकडे बघून म्हणाली, "बाबा, चहा टाकू?"

मी तिला बाजूला घेऊन विचारलं. ती हसली. "मी असं बोलली? फीव्हर होता मामा. तू पण ना!"

यामिनी मला लहानपणापासून अरे-तुरे करते. बापाला मात्र अहो-जाहो. तेव्हा तिचा तो प्रश्न कुणाला होता, याबद्दल मला शंका नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट मला स्पष्ट दिसली असं वाटलं. नाक बंद झालं की तो परका होतो. नाक उघडलं की आपला.

मला अजून एक साक्ष हवी होती. मी गेंदाबाईच्या ओट्याशी गेलो. घाईत माझी हिंदी नेहमीच मराठी होते, तशी तेव्हाही झाली.

"बाई, हमारे घर में जो आया है, उसका वास आता है आपको?"

गेंदाबाईने डबी बंद केली. "वास तो है मास्साब. पण आज को थोड़ी है. मिल बंद हुई ना, उस साल से है."

"तेव्हापासून? तेव्हापासून वास येतोय तुम्हाला?"

"म्हारे तो बास आवेज नी," ती नाकावर बोट आपटून म्हणाली. "तपकीर ने नाक खा ली कब की. जो आंखों से दिखे, वोइज दिखे."

मी मान हलवून निघालो. देवळाच्या कोपऱ्यापर्यंत गेल्यावर माझे पाय मंदावले. वासाला ती 'बास' म्हणाली होती. नेहमीच म्हणते. 'वास' हा तिच्याकडे निराळा शब्द आहे. वास म्हणजे राहणं. वस्ती.

शोभनाने आठवडाभर मोरीत फिनाइल ओतलं होतं. गेंदाबाई तिला सांगत होती की तुझ्या घरात कुणीतरी येऊन राहिलं आहे.

पण खुर्चीतला माणूस तर ह्या संक्रांतीला आला. मिल बंद झाली त्या साली आमच्या घरात राहायला कोण आलं होतं, हा एवढा साधा प्रश्न मला तिथे सुचला नाही. किंवा सुचला असेल. देवळाची घंटा वाजत होती, मी नमस्कार केला आणि पुढे चालू लागलो.

त्या आठवड्यात शोभनाला सर्दी झाली. मी ह्याचीच वाट पाहत होतो, हे लिहितानाही बरं वाटत नाही. दुपारी ती शाल गुंडाळून बाजेवर पडली होती. नाकाने श्वास घेता येत नव्हता, डोळे मिटलेले. गॅसवर दूध ठेवलंय, लक्ष ठेव, मी जरा पडते, असं यामिनीला सांगितलं असावं. पण यामिनी तोवर क्लासला गेली होती. तो पुढच्या खोलीत त्याच्या खुर्चीत होता. मी ठरवलं, आलं आणि गवती चहा घेऊन यायचं, तिला उठवायचं, हाताला धरून त्याच्यासमोर उभं करायचं आणि विचारायचं, बघ, हा कोण आहे. मग तिला कळेल. मग आम्ही तिघं पुन्हा पहिल्यासारखे राहू.

मी परत आलो तर आमचं दार सताड उघडं होतं.

शोभना घरात नव्हती. ती समोर गेंदाबाईच्या ओट्यावर होती. अनवाणी, शाल घट्ट आवळून, तोंडाने श्वास घेत. गेंदाबाईने तिचा हात धरला होता.

मला इतका आनंद झाला की पिशवी हातातून सुटली. तिने पाहिलं होतं. मी चुकलो नव्हतो.

"शोभना," मी जवळ जात म्हणालो, "दिसलं ना तुला? मला कधीपासून वाटत होतं…"

ती मागे सरकली. पाय वर ओढून घेतले. माझ्या चेहऱ्यावरून तिची नजर फिरली, कपाळावरून, कानांवरून, जशी मी त्या फोटोवरून फिरवली होती.

मग ती गेंदाबाईला बिलगली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, दूसरा भी आ गया."

गेंदाबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने तपकिरीची डबी काढली.

"मी दादा," मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखीचा वाटला नाही.

शोभनाने डोळे मिटून घेतले.

मागे आमच्या दारात तो येऊन उभा राहिला होता. त्याने खाली वाकून पिशवीतून सांडलेलं आलं गोळा केलं आणि दार माझ्यासाठी धरून ठेवलं.

"आत या दादा," तो हळू आवाजात म्हणाला. "सर्दी काय, दोन-चार दिवसांत उतरते."

मी आत गेलो. स्वयंपाकघराच्या दारातून निळसर धूर बाहेर येत होता. दूध करपून पातेलं काळं पडलं होतं. धूर दिसला तेव्हाच आम्हा दोघांना ते कळलं.